पडद्यावरील खेळ आणि परभाषेचा वर्ग

खेळ हा अभ्यासाचा वैरी होय, ही समजूत आपल्या समाजात फार जुनी आहे. पत्ते, सोंगट्या, पतंग, नाटक, चित्रपट यांच्यावर आपल्या वाडवडिलांनी जे आरोप केले, तेच आज आपण व्हिडिओ गेमवर करीत आहोत. पालकसभेत हा विषय निघाला, की दोन पक्ष तत्काळ उभे राहतात. एक म्हणतो, मोबाइल मुलांच्या हातून काढूनच घ्यावा. दुसरा म्हणतो, काळच तसा आला आहे, त्याला कोणी काय करावे? पहिल्याचा त्रागा आणि दुसऱ्याची हताशा मला सारख्याच अपुऱ्या वाटतात. त्या खेळात आहे तरी काय, हे दोघांपैकी कोणीही बहुधा पाहिलेले नसते. जे पाहिले नाही त्याची निंदा करणे सोपे असते, आणि त्याला शरण जाणे त्याहूनही सोपे.

या दोहोंहून निराळी अशी एक तिसरी वाट आहे, आणि स्पॅनिश भाषा व संस्कृती शिकविणाऱ्या काही अध्यापकांनी ती अलीकडे चोखाळली आहे. कादंबरी, नाटक किंवा चित्र ज्या डोळसपणे वाचावयाचे, त्याच डोळसपणे हे अध्यापक विद्यार्थ्यांना व्हिडिओ गेमही वाचावयास लावतात. खेळाची भाषा कोणती, त्यातील वेश, देवळे, नाणी, सण कोठून आले, कर्त्याने काय घेतले आणि काय बदलले, हे प्रश्न ते वर्गात विचारतात. लॅटिन अमेरिका आणि व्हिडिओ गेम यांच्या परस्परसंबंधावर फिलिप पेनिक्स-टाडसेन या अमेरिकन अध्यापकांनी लिहिलेला 'कल्चरल कोड' हा ग्रंथ 2016 साली प्रसिद्ध झाला. एका नामवंत विद्यापीठाच्या मुद्रणालयाने तो छापला, यावरून या अभ्यासाला आलेली प्रतिष्ठा ध्यानी यावी. त्याआधी 2009 साली स्पेनच्या लोकप्रतिनिधी-सभेतील सांस्कृतिक समितीने व्हिडिओ गेमला सांस्कृतिक उद्योग म्हणून मान्यता दिली होती.

मी स्पॅनिश भाषेचा पंडित नव्हे. परंतु ज्याच्या घरात कोंकणी, शाळेत मराठी आणि बाजारात व कचेरीत आणखी दोन-तीन भाषा वावरतात, त्याला कोणतीही भाषा मुलांच्या मनात कशी रुजते या प्रश्नाविषयी आस्था वाटल्यावाचून राहत नाही. त्या आस्थेने मी या तिसऱ्या वाटेचा विचार येथे मांडीत आहे.

प्रथम भीतीविषयी. मनोरंजनाने तरुण पिढी बिघडेल, ही भीती स्पेनला नवी नाही. सोळाव्या शतकात तेथे शूर सरदारांच्या अद्भुत कथांचे अमाप वेड होते. 'आमादीस दे गाउला' हा त्यांतील सर्वांत गाजलेला ग्रंथ. 1531 साली राजाज्ञा निघाली, की असल्या पोकळ कथांची पुस्तके अमेरिकेतील वसाहतींत पाठवू नयेत. आज्ञा निघाली, आणि पुस्तके जहाजांतून जातच राहिली! निव्वळ बंदीचे भवितव्य बहुधा असेच असते.

याच वेडावर सेर्व्हान्तेसने आपला 'दोन किहोते' रचिला. 1605 साली निघालेल्या पहिल्या भागात एक प्रसंग आहे. अद्भुत कथा वाचून वाचून वेड लागलेल्या नायकाच्या ग्रंथसंग्रहाची झडती घेण्यास गावचा पाद्री आणि न्हावी येतात. घरातील कारभारीण व पुतणी यांना सारीच पुस्तके जाळावयाची आहेत. पाद्री मात्र एकेक पुस्तक हाती घेतो, चाळतो आणि निर्णय देतो. पुष्कळ पुस्तके अंगणातील आगीत जातात. परंतु 'आमादीस' वाचते, आणि 'तिरान्ते एल ब्लान्को' या ग्रंथाची तर तो तोंड भरून स्तुती करतो. झडती घेणाराच मोठा रसिक वाचक निघतो, ही त्यातील गंमत आहे. सरसकट जाळा म्हणणाऱ्यांना ती पुस्तके ठाऊकच नव्हती. ज्याने वाचली होती त्यालाच निवड करता आली. आजच्या पालकाने आणि शिक्षकाने हा प्रसंग अवश्य वाचावा.

1615 साली निघालेल्या दुसऱ्या भागातील एक प्रसंग याहूनही मार्मिक आहे. एका खानावळीत कळसूत्री बाहुल्यांचा खेळ चालला आहे. एक मुलगा कथा सांगतो आहे. मूर लोकांच्या शहरात घंटा वाजू लागल्या असे तो म्हणताच दोन किहोते त्याला अडवितो: मूर लोक घंटा वाजवीत नाहीत, नगारे वाजवितात, हे चूक आहे! येथवर तो चोखंदळ समीक्षक असतो. पण थोड्याच वेळात पळून जाणाऱ्या नायक-नायिकेचा मूर सैनिक पाठलाग करू लागतात, आणि हा गृहस्थ तलवार उपसून बाहुल्यांवर तुटून पडतो. भानावर आल्यावर मोडलेल्या बाहुल्यांची किंमत तो मोजून देतो. पडद्यासमोर बसलेल्या आजच्या प्रत्येक मुलात हे दोन्ही दोन किहोते असतात. एक चूक काढतो, दुसरा तलवार उपसतो. शिक्षणाचे काम पहिल्याला बळ देण्याचे आहे.

खेळाकडे अभ्यासविषय म्हणून पाहणे हेही स्पेनमध्ये नवीन नाही. कॅस्टिलचा राजा आल्फोन्सो दहावा याला इतिहास 'शहाणा आल्फोन्सो' म्हणून ओळखतो. त्याने ज्योतिष, कायदा, इतिहास यांवर ग्रंथ करविले, तसाच खेळांवरही एक ग्रंथ करविला. 1283 साली सेव्हिल नगरात तो पूर्ण झाला. त्याची सचित्र हस्तलिखित प्रत आजही एल एस्कोरियालच्या ग्रंथालयात आहे. बुद्धिबळ, फासे आणि सोंगट्या असे त्याचे प्रमुख विषय. त्यातील चित्रांत ख्रिस्ती, मूर व यहुदी, स्त्रिया व पुरुष पटाभोवती बसलेले दिसतात. ग्रंथाच्या आरंभी एक कथा आहे, आणि ती हिंदुस्थानच्या राजाची आहे. त्याच्या पदरी तीन ज्ञानी पुरुष असतात. बुद्धी श्रेष्ठ, असे एक म्हणतो. दैव श्रेष्ठ, असे दुसरा म्हणतो. दोहोंचा मेळ घालणारा शहाणा, असे तिसऱ्याचे मत. राजा प्रत्येकाकडे प्रमाण मागतो, तेव्हा पहिला बुद्धिबळाचा पट आणतो, दुसरा फासे आणि तिसरा सोंगट्या.

बुद्धिबळाला स्पॅनिशमध्ये 'आहेद्रेस' म्हणतात. संस्कृत 'चतुरंग', त्यावरून फारसी-अरबी 'शतरंज', आणि अरबांकडून स्पेनमध्ये 'आहेद्रेस' असा हा प्रवास आहे. आपण ज्याला उंट म्हणतो त्या मोहऱ्याला स्पॅनिश माणूस 'आल्फील' म्हणतो. अरबीत 'अल्-फील' म्हणजे हत्ती. एका खेळाच्या पटावरून तीन संस्कृतींचा इतिहास असा शिकविता येतो. मग पडद्यावरील खेळावरून का शिकविता येऊ नये?

आता त्या खेळांकडे वळू. स्पेनमध्ये घरगुती संगणक आले ते 1980 नंतरच्या दशकात. स्वस्त यंत्रे, कॅसेटच्या फितीवर साठविलेले खेळ, आणि ते रचणारी विशी-पंचविशीतील मुले. 1983 साली निघालेला 'ला पुल्गा', म्हणजे 'पिसू', हा खेळ या परंपरेचा आरंभ मानला जातो. पुढे 'दिनामिक', 'ओपेरा सॉफ्ट', 'टोपो सॉफ्ट' अशा संस्था निघाल्या, आणि सुमारे 1992 पर्यंतचा काळ स्पॅनिश खेळांचे सुवर्णयुग म्हणून ओळखला जाऊ लागला. यंत्रांची नवी पिढी आली, खर्च वाढला, आणि जुन्या पद्धतीने काम करणाऱ्या या संस्था मागे पडल्या.

त्या काळातील दोन खेळ भाषाशिक्षकाच्या दृष्टीने मोलाचे आहेत. पहिला 1987 सालचा 'दोन किहोते'. तो शब्दांनी खेळावयाचा खेळ होता. पडद्यावर एखाद्या स्थळाचे वर्णन येई आणि खेळणाऱ्याने काय करावयाचे ते स्वतः टंकित करावयाचे: उत्तरेकडे जा, दार उघड, भाला घे. आज्ञार्थ चुकला, शब्द चुकला, तर यंत्र पुढे सरकत नसे. मराठीत 'उघड', 'उघडा', 'उघडावे' यांतील भेद शिकविताना आपण फळ्यावर कोष्टक काढतो. येथे बंद दारासमोर उभा राहिलेला मुलगा तोच भेद स्वतःच्या गरजेने शिकतो. गरजेतून आलेला शब्द सहसा विसरत नाही, हा प्रत्येक शिक्षकाचा अनुभव आहे.

दुसरा खेळ 'ला आबादीया देल क्रीमेन', म्हणजे 'गुन्ह्याचा मठ'. हाही 1987 सालचा. पाको मेनेंदेस याने तो रचिला आणि हुआन देल्कान याने त्याची चित्रे काढली. उंबेर्तो एको यांच्या मठातील खुनांवरील प्रसिद्ध कादंबरीवर तो आधारलेला आहे. लेखकाची परवानगी न मिळाल्यामुळे नाव बदलावे लागले. खेळणारा एका प्रौढ भिक्षूची भूमिका घेतो, सोबत एक तरुण शिष्य असतो. सात दिवसांत गुन्ह्याचा छडा लावावयाचा. परंतु मठाचे नियम पाळावे लागतात: प्रार्थनेच्या वेळी प्रार्थनागृहात, भोजनाच्या वेळी भोजनगृहात. नियम मोडत गेले की आज्ञाधारकपणाचे माप घटत जाते, आणि ते संपले की मठाधिपती हाकलून देतो. मध्ययुगीन मठातील दिवस प्रार्थनेच्या प्रहरांत कसा विभागलेला असे, हे इतिहासाचे पुस्तक चार ओळींत सांगते; हा खेळ ते करावयास लावतो. मठाधिपती भिक्षूशी बोलताना जुन्या आदरार्थी रूपांचा उपयोग करतो. 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' या तीन पायऱ्या ज्याच्या जिभेवर आहेत अशा मराठी विद्यार्थ्याला ती रूपे इंग्रजी विद्यार्थ्यापेक्षा लवकर समजतील, असे मला वाटते. 2017 साली, म्हणजे तीस वर्षांनी, स्पेनच्या टपाल खात्याने या खेळाचे तिकीट काढले. एका फितीवरील खेळ टपाल-तिकिटावर चढला, ही लहान गोष्ट नव्हे.

अलीकडच्या खेळांपैकी 'ब्लास्फेमस' हा 2019 साली निघालेला खेळ संस्कृतीच्या अभ्यासासाठी सर्वाधिक घेतला जावा इतका समृद्ध आहे. तो सेव्हिल नगरातील 'द गेम किचन' या संस्थेचा. त्याचा नायक मौनव्रत घेतलेला एक प्रायश्चित्ती आहे, आणि त्याच्या डोक्यावर उंच, टोकदार शिरस्त्राण आहे. सेव्हिलमध्ये ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात धर्मबंधुसंघांच्या मिरवणुका निघतात. त्यांतील प्रायश्चित्ती चेहरा झाकणारी जी टोकदार टोपी घालतात तिला 'कापिरोते' म्हणतात. शिरस्त्राण तेथून आले आहे. या टोपीचे मूळ इन्क्विझिशनने दोषी ठरविलेल्यांना घालावयास लावलेल्या टोपीकडे जाते. पुढे तिचा अर्थ पालटला. चेहरा झाकून केलेले प्रायश्चित्त हे नम्रतेचे चिन्ह झाले. अमेरिकेतील एका वंशद्वेष्ट्या संघटनेने तसलाच वेश घेतल्यामुळे अनेक परकीयांचा सेव्हिलची मिरवणूक पाहून गैरसमज होतो. एका टोपीच्या निमित्ताने शिक्षा, भक्ती आणि गैरसमज या तिन्हींचा इतिहास वर्गात उलगडता येतो. गोव्यातील विद्यार्थ्याला तर हा विषय दूरचा वाटू नये. 1560 ते 1812 या काळात, मध्ये काही वर्षांचा खंड वगळता, इन्क्विझिशन येथेही होते. आणि गोंय व्हडल्या गावात लेंट काळात निघणारी संतांच्या मूर्तींची मिरवणूक पाहण्यास आजही दूरदूरचे लोक येतात.

हा खेळ भयानक दृश्ये व रक्तपात यांनी भरलेला आहे, आणि तो लहान मुलांच्या हाती देण्याजोगा नाही, हे येथेच स्पष्ट सांगितले पाहिजे. प्रौढ विद्यार्थ्यांच्या वर्गातही शिक्षकाने निवडक चित्रे दाखवावी, गोयाची प्रायश्चित्तीयांच्या मिरवणुकीची तसबीर शेजारी ठेवावी आणि तुलना करावयास सांगावे. पुस्तक सबंध न नेमता त्यातील एक उतारा नेमण्याची आपली रीत आहेच.

या खेळाविषयी आणखी एक गोष्ट मला फार विचार करावयास लावते. अंदालुसियाच्या मातीतून उगवलेला हा खेळ 2019 साली बाजारात आला तेव्हा त्यातील पात्रे इंग्रजीत बोलत होती. स्पॅनिश आवाज त्यात 2020 साली घालण्यात आले. जवळजवळ पन्नास कोटी लोकांची मातृभाषा असलेल्या स्पॅनिशला स्वतःच्या घरच्या खेळात बोलण्यासाठी वर्षभर थांबावे लागले! मग ज्यांच्या बोलणाऱ्यांची संख्या लाखांत मोजली जाते त्या भाषांनी काय समजावे?

परकीयांनी रंगविलेला स्पेन पाहणे हाही या अभ्यासाचा एक भाग आहे. जपानच्या कॅप्कॉम या संस्थेने 2005 साली काढलेल्या 'रेसिडेंट ईव्हल 4' या खेळाची कथा स्पेनमधील एका खेड्यात घडते. ती 2004 सालची आहे. परंतु खेड्यातील लोक बोलतात ते अमेरिका खंडातील स्पॅनिश वळणाने, आणि खेळातील नाणे आहे पेसेता. पेसेता तर 2002 सालीच व्यवहारातून गेला होता आणि त्याच्या जागी युरो आला होता. मूरांच्या नगरात घंटा वाजविणाऱ्या त्या पोराची चूक चारशे वर्षांनी पुन्हा झाली! विद्यार्थ्याने ही चूक स्वतः हुडकून काढली, तर स्पॅनिशच्या उच्चारभेदांचा आणि युरोपच्या चलनाच्या इतिहासाचा धडा त्याला वेगळा द्यावा लागत नाही. त्याहून मोठा लाभ असा, की जे पडद्यावर दिसते ते सत्यच असते या समजुतीला तडा जातो.

उलट बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. 'एज ऑफ एम्पायर्स' या ऐतिहासिक युद्धखेळाच्या 2000 साली निघालेल्या पुरवणीत एल सिद या स्पॅनिश वीराचा कथाभाग आहे. या वीराचे निधन 1099 साली वालेन्सियात झाले. राजाने हद्दपार केल्यावर सारागोसाच्या मुसलमान राजाच्या पदरी त्याने चाकरी केली, ही गोष्ट या खेळाने लपविलेली नाही. 'सिद' ही पदवीच मुळी अरबी 'सय्यिद'वरून आलेली. त्याच पुरवणीत आस्तेक लोकांच्या बाजूने स्पॅनिश आक्रमकांशी लढण्याचाही कथाभाग आहे. एकाच मुलाने आज स्पॅनिश वीर व्हावे आणि उद्या स्पॅनिशांशी लढावे, ही सोय इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात सहसा आढळत नाही.

आता प्रत्यक्ष भाषाशिक्षणाचे पाहू. अनेक खेळांत भाषा बदलण्याची सोय असते, आणि तेथे कित्येकदा दोन स्पॅनिश दिसतात: एक स्पेनची, दुसरी लॅटिन अमेरिकेची. स्पेनमध्ये मित्रांच्या घोळक्याला उद्देशून 'व्होसोत्रोस' म्हणतात. अमेरिका खंडात ते सर्वनाम बोलण्यात नाही, तेथे 'उस्तेदेस'. संगणकाला स्पेनमध्ये 'ओर्देनादोर' म्हणतात, मेक्सिकोत 'कोम्पुतादोरा'. पहिला शब्द पुल्लिंगी, दुसरा स्त्रीलिंगी. स्पेनमध्ये 'घे' या अर्थी दिवसातून दहादा येणारा एक शब्द अमेरिका खंडातील अनेक देशांत चारचौघांत उच्चारता येत नाही. एकच भाषा दोन किनाऱ्यांवर दोन तऱ्हांनी नांदते आणि तरीही एकच राहते, हे गोवा, बेळगाव, इंदूर, बडोदे येथील मराठी ऐकलेल्या माणसास निराळे समजावून सांगावयास नको.

खेळून झाल्यावर शिक्षक विद्यार्थ्याला म्हणतो, काय झाले ते सांग. येथे स्पॅनिशमधील दोन भूतकाळांचा प्रश्न उभा राहतो. 'एन्त्रे' म्हणजे 'मी आत शिरलो'. 'एन्त्राबा' म्हणजे 'मी आत शिरत होतो' किंवा 'शिरत असे'. पाऊस पडत होता, पहारेकरी झोपला होता, मी दार उघडले, घंटा वाजली: खेळाची हकीकत सांगताना पार्श्वभूमी कोणती आणि घटना कोणती, हे ठरविल्यावाचून वाक्यच पुरे होत नाही. इंग्रजीच्या चौकटीतून हा भेद शिकविणे कठीण जाते. मराठी मुलाच्या कानाला तो आधीच ठाऊक असतो. परभाषा मातृभाषेच्या खांद्यावर बसवून शिकवावी, असे जे आपण म्हणतो त्याचे हे चांगले उदाहरण आहे.

शब्दसंग्रहाविषयीही असेच. बहुतेक साहसी खेळांत किल्ली शोधावी लागते. स्पॅनिशमध्ये किल्ली म्हणजे 'यावे', पोर्तुगीजमध्ये 'शाव्ह', आणि आमच्या घरात 'चावी'. मेज, बालदी, पगार हे आमचे रोजचे शब्द पोर्तुगीजांकडून आले; स्पॅनिश 'मेसा', 'बाल्दे', 'पागार' हे त्यांचे सख्खे भाऊ होत. 1580 ते 1640 या काळात स्पेन व पोर्तुगाल यांचा राजा एकच होता. आग्वादचा किल्ला 1612 साली पुरा झाला तो याच काळात, आणि त्याच्या नावात जे पाणी आहे तेच स्पॅनिश 'आग्वा'तही आहे. गोव्यातील विद्यार्थ्याला स्पॅनिश शिकताना वाटतो तितका परका प्रदेश ओलांडावा लागत नाही.

या पद्धतीवरील आक्षेप मी दुर्लक्षित करीत नाही. पहिला आक्षेप असा, की मुले खेळातील संवाद वाचतच नाहीत. कळ दाबून पुढे जातात. हे खरे आहे. म्हणूनच वर्गात खेळ लावून दिला आणि शिक्षक खुर्चीवर बसला, याला शिकविणे म्हणता येणार नाही. खेळाआधी प्रश्न, खेळताना टिपण आणि खेळानंतर लेखन, हे तीन टप्पे नसतील तर तो तास वाया गेला असे समजावे. दुसरा आक्षेप असा, की खेळ ऐकवितो व वाचवितो, बोलावयास लावीत नाही. हेही खरे, ते काम दुसऱ्या माणसाशिवाय होत नाही आणि कधी होणारही नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. व्यसन आणि पैसा! पुष्कळ खेळ मुलांना अडकवून ठेवण्यासाठी व त्यांच्या पालकांच्या खिशात हात घालण्यासाठीच रचलेले असतात. येथे पुन्हा शहाणा आल्फोन्सो आठवतो. खेळांचा ग्रंथ करविणाऱ्या या राजानेच 1276 साली जुगारगृहांसाठी कडक नियमावली करविली होती. ज्याने खेळाचे कौतुक केले त्यानेच जुगाराला वेसण घातली. त्यात त्याला विसंगती वाटली नाही. आपल्या संसदेनेही 2025 साली पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. कायद्याने जुगार रोखावा, घराने वेळेची मर्यादा घालावी आणि शाळेने खेळ पारखावयास शिकवावे. यांपैकी तिसरे काम आपण अद्याप हातीच घेतलेले नाही, आणि पहिल्या दोहोंवर सारा भार टाकून स्वस्थ बसलो आहोत, अशी माझी तक्रार आहे.

कोणी म्हणेल, आपल्या शाळेत स्पॅनिश शिकविली जात नाही. मग या खटाटोपाचा आपल्याला उपयोग काय? उपयोग असा. लगोरी, विटीदांडू, आट्यापाट्या खेळणाऱ्या मुलांच्या तोंडी गडी, भिडू, डाव, राज्य असे शब्द होते. ते त्यांना कोणी शिकविले नाहीत, खेळाने शिकविले. आज त्याच वयाची मुले जो खेळ खेळतात त्यातील झाडून सारे शब्द इंग्रजी आहेत. मराठी व कोंकणी त्यांच्या वाट्याला येतात त्या रागावणाऱ्यांच्या तोंडून आणि प्रश्नपत्रिकेतून. ज्या भाषेत मूल खेळत नाही, त्या भाषेत ते मोठेपणी थट्टा करीत नाही, भांडतही नाही. मग ती भाषा केवळ समारंभापुरती उरते. 1987 साली स्पेनमधील एखाद्या मुलाने यंत्राला आपल्या भाषेत आज्ञा केली आणि यंत्राने ती मानली, यातील अभिमान आपल्या मुलांच्या वाट्याला कधी आलेला नाही.

तो आणून देणे अशक्य आहे काय? मला तसे वाटत नाही, आणि त्यासाठी मोठ्या भांडवलाचीही वाट पाहावी लागणार नाही. माझ्या दोन सूचना आहेत. पहिली अशी, की नववी-दहावीच्या निबंधाच्या तासाला पुस्तकपरीक्षणाच्या जोडीने खेळाचे परीक्षण मराठीत लिहावयास द्यावे. खेळाची गोष्ट काय, तो कोठे घडतो, त्यातील वेश व वास्तू कोणत्या संस्कृतीच्या आहेत, कर्त्याने कोठे चूक केली, आणि खेळणाऱ्याच्या हातून तो कोणती कृत्ये करवून घेतो, या पाच प्रश्नांची उत्तरे त्यात असावी. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. तो ज्याने एकदा मनापासून विचारला, तो पडद्यापुढे पूर्वीइतका भाबडा राहणार नाही.

दुसरी सूचना अशी, की शाळेच्या हस्तलिखितासाठी विद्यार्थ्यांनी शब्दांचा एक खेळ रचावा. यंत्र नसले तरी चालेल, वही पुरे. पहिल्या पानावर लिहावे: 1612 साल आहे, तू आग्वादच्या किल्ल्याच्या दाराशी उभा आहेस, खाली बंदरात पाणी भरून घेण्यास एक गलबत आले आहे. किल्ल्यात शिरावयाचे असेल तर चौथे पान उघड, बंदराकडे उतरावयाचे असेल तर सातवे. किल्ल्यात कोण असेल, तो कोणत्या भाषेत बोलेल, त्याच्या हाती काय असेल, हे ठरविण्यासाठी मुलांना ग्रंथालयात जावे लागेल, आजीला जुने शब्द विचारावे लागतील आणि 'जा', 'जावे', 'जाशील का' यांतील भेद तोलावा लागेल. मराठीत लिहा, कोंकणीत लिहा, दोहोंत लिहा. पात्रांच्या तोंडी ज्याची त्याची भाषा घाला. संगणक शिकविणारे शिक्षक साहाय्यास आले, तर तीच वही पुढे पडद्यावर जाईल.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही खेळता याबद्दल माझी तक्रार नाही. कोणीतरी दूरदेशी तुमच्यासाठी रचून ठेवलेले जग तुम्ही प्रश्न न विचारता स्वीकारता, ही माझी तक्रार आहे. त्या जगातील माणसे कोण, ती कोणाची भाषा बोलतात आणि तुमची भाषा तेथे का नाही, हे विचारा. आणि उत्तर समाधानकारक नसेल, तर वही उघडा व पहिले पान लिहावयास घ्या.